बहिणीचं एमएस्सी संपतंय, पुढचा व्हिसा कोणता?

वाचकाचं पत्र: उद्यमबागेत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे, दोन सीएनसी लेथ आहेत. धाकटी बहीण बेळगावातूनच मेकॅनिकल बी.ई. होऊन इंग्लंडला गेली. मिडलँड्समधल्या एका विद्यापीठात मॅन्युफॅक्चरिंगचं एमएस्सी करते. कोर्स सप्टेंबर २०२६ च्या मध्याला संपतो, व्हिसा जानेवारी २०२७ च्या मध्यापर्यंत आहे. वडगावच्या घरावर तीस लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंय. एजंट म्हणतो, ‘दोन वर्षांचा व्हिसा आपोआप मिळतो, पुढचं पुढे बघू.’ ओळखीतला एक जण चौदा लाखांत थेट नोकरीचा व्हिसा करून देतो म्हणतोय. बहिणीला उन्हाळ्यात एका वेअरहाऊसमध्ये आठवड्याला तीस तासांचं काम मिळतंय, ते घ्यावं का? आणि डिसेंबरात चुलतभावाचं लग्न आहे. आई म्हणते, तिनं यायलाच पाहिजे. काय करावं?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत साधा वाटणारा प्रश्न लग्नाचा आहे आणि तारखांत सगळ्यांत जास्त अडकलेलाही तोच. म्हणून आधी तारखा बघू.

एजंट ज्याला ‘दोन वर्षांचा व्हिसा’ म्हणतोय तो ग्रॅज्युएट व्हिसा. जुलै २०२१ पासून तो सुरू आहे. पदवी किंवा एमएस्सीनंतर दोन वर्षं, पीएच.डी.नंतर तीन. मात्र १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्याला पदवी-एमएस्सीवर अठराच महिने मिळणार आहेत. पीएच.डी.ची तीन वर्षं तशीच राहतात. यात कोर्स कधी संपला किंवा निकाल कधी लागला ते बघत नाहीत, अर्ज कोणत्या दिवशी दाखल झाला ते बघतात. व्हिसा जानेवारीच्या मध्यापर्यंत आहे म्हणून बहीण निवांत असेल, तर ३१ डिसेंबर उलटला की त्या पंधरा दिवसांच्या निवांतपणात तिचे सहा महिने जातील.

‘आपोआप’ हा शब्द तर विसराच. अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच करावा लागतो, विद्यार्थी व्हिसाची मुदत संपायच्या आत करावा लागतो, आणि त्याआधी विद्यापीठानं ‘हिनं कोर्स यशस्वीपणे पूर्ण केला’ असं ब्रिटिश गृहखात्याला कळवलेलं असावं लागतं. ही शेवटची अट मुलांच्या हातात नसते आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. प्रबंध सप्टेंबरात दिला तरी तो तपासून, परीक्षा मंडळाची बैठक होऊन पदवी मंजूर व्हायला नोव्हेंबर उजाडतो, काही ठिकाणी डिसेंबरही. बहिणीनं आजच आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून दोन गोष्टी विचाराव्यात: आमच्या कोर्सच्या परीक्षा मंडळाची बैठक कधी आहे, आणि त्यानंतर किती दिवसांत तुम्ही गृहखात्याला कळवता. उत्तर लेखी घ्यावं. पदवीदान समारंभाची किंवा छापील प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नसते. ‘तुमचं कळवून झालं’ असा विद्यापीठाचा ईमेल आला की त्याच संध्याकाळी अर्ज करता येतो.

हे वेळापत्रक दोन कारणांनी बिघडतं. पहिलं म्हणजे प्रबंधाला मागितलेली मुदतवाढ. जुलैत ती फुकट मिळाल्यासारखी वाटते, पण तिच्यामुळे तुमचा प्रबंध पुढच्या परीक्षा मंडळाकडे ढकलला गेला तर निकाल थेट नव्या वर्षात जातो. एखादा पेपर राहिला तरी तेच. आजारपण असेल तर मुदतवाढ जरूर घ्यावी, पण ‘जरा नीट लिहिते’ म्हणून घेऊ नये. दुसरं कारण तुमच्या बाजूचं आहे: राहिलेली फी. फी थकली असेल तर बहुतेक विद्यापीठं पदवी मंजूर करत नाहीत, आणि पदवी नाही म्हणजे गृहखात्याला कळवणंही नाही. बँकेचा शेवटचा हप्ता कधी सुटणार आहे ते बघा. शाखेतून रक्कम सुटायला बेळगावात दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी मार्क्सकार्डाची प्रत मागतात, कधी विद्यापीठाचं नवं पत्र. ऑगस्टअखेर फी पूर्ण भरून तिची पावती बहिणीकडे असावी.

आता लग्न. अर्ज दाखल केल्यापासून निर्णय येईपर्यंत तिनं ब्रिटन सोडलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आयर्लंड वगैरे शेजारचा ठरावीक प्रदेश सोडला तर बाहेर कुठेच जाता येत नाही, चार दिवसांसाठीही नाही. निर्णयाला साधारण आठ आठवडे धरतात, कधी आधीही लागतो, पण विमानाचं तिकीट ‘आधीही लागतो’ या भरवशावर काढू नये. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी अर्ज केला तर डिसेंबरातलं लग्न गेलं. अर्ज न करता ती लग्नाला आली, तर तेवीस-चोवीस डिसेंबरला परत जाऊन नाताळच्या सुट्टीत, विद्यापीठाचं कार्यालय बंद असताना, आठवड्याभरात सगळं करायचं. विमान रद्द झालं, ताप आला, अर्जात काही अडलं, तर सहा महिने गेले. आमचं मत स्पष्ट आहे: डिसेंबरात येऊ नये. आईंना भेटायचंच असेल तर सप्टेंबरात प्रबंध देऊन झाल्यावर यावं. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, दिवाळी ८ नोव्हेंबरला. विद्यार्थी व्हिसा चालू असताना आणि अर्ज केलेला नसताना येऊन परत जाता येतं. मात्र कोर्स अधिकृतपणे संपायच्या आधी निघायचं असेल तर विद्यापीठाला कळवून निघावं, नोव्हेंबरच्या मध्याच्या आत परतावं, आणि परतताना कोर्स कधी संपतो व निकाल कधी लागणार याचं विद्यापीठाचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवावं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ‘कोर्स तर संपला, मग परत का चाललात’ असं विचारायचा अधिकार आहे.

याच भेटीत पासपोर्टचं नूतनीकरण उरकून घेऊ, असं कुणी सुचवेल. तसं करू नका. बेळगावच्या पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रात अर्ज दिल्यावर पोलीस पडताळणी कधी पूर्ण होईल हे सांगता येत नाही आणि परतीची तारीख जवळ येत राहते. पासपोर्ट संपत आला असेल तर तो तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत नवा करावा. नवा आला की तिनं आपल्या ऑनलाइन व्हिसा खात्यात नवा क्रमांक भरावा. ब्रिटनचा व्हिसा आता कार्डावर नसतो, सगळा नोंदीत असतो. पासपोर्टचा जुना क्रमांक तसाच राहिला तर विमान कंपनीच्या काउंटरवर अडकायला होतं.

खर्च धरून ठेवा. अर्जाची फी नऊशे पौंडांच्या आसपास, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळा आगाऊ. दोन वर्षांचे २,०७०. म्हणजे एकूण तीन हजार पौंड. १२० रुपयांचा पौंड धरला तर साडेतीन लाखांच्या घरात. हे पैसे अर्जाच्या दिवशी कार्डावर लागतात, हप्त्यानं नाही. शैक्षणिक कर्जात हा खर्च सहसा धरलेला नसतो, म्हणून डिसेंबरासाठी आत्तापासून बाजूला काढा. या अर्जाला बँक बॅलन्स, इंग्रजीची परीक्षा, नोकरीचं पत्र यातलं काही लागत नाही. फी आणि राहण्याचा दोन्ही खर्च एखाद्या सरकारी शिष्यवृत्तीतून झाला असेल तर त्या खात्याचं संमतिपत्र लागतं. बँकेच्या कर्जाला ती अट नाही.

आता वेअरहाऊस. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास, हे तिला माहीत असेलच. मुलं फसतात ती ‘उन्हाळा म्हणजे सुट्टी’ या समजुतीत. एका वर्षाच्या एमएस्सीला जून ते सप्टेंबर हा प्रबंधाचा काळ असतो आणि तो सत्रातच धरतात. बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला उन्हाळ्यात चाळीस तास चालतील, तिला चालणार नाहीत. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, आणि दोन ठिकाणी काम असलं तर दोन्हींची बेरीज. एका आठवड्यात तीस आणि पुढच्यात दहा केले तरी पहिला आठवडा नियमभंगाचाच. ॲपवरून जेवणाची डिलिव्हरी हा तर स्वयंरोजगार धरला जातो, विद्यार्थ्याला एक तासही चालत नाही. पगाराची नोंद करखात्याकडे जाते, त्यामुळे ‘कोण बघतंय’ याला अर्थ नाही, आणि नियमभंग सापडला तर पुढचा ग्रॅज्युएट व्हिसा त्याच कारणावरून नाकारता येतो. तेव्हा वीस तासच घ्यावेत. कोर्सची अधिकृत अंतिम तारीख उलटली की विद्यार्थी व्हिसाच्या उरलेल्या चार महिन्यांत पूर्णवेळ काम चालतं. त्यात कायम स्वरूपाची पूर्णवेळ नोकरी मात्र कोर्स यशस्वी झाल्यावर आणि पुढच्या व्हिसाचा अर्ज गेल्यावरच सुरू करता येते.

चौदा लाखांच्या माणसाबद्दल थोडक्यात. नोकरीच्या व्हिसाला कंपनीकडून ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ लागतं, आपल्याकडे सगळे त्याला सीओएस म्हणतात. सर्टिफिकेट म्हटलं तरी तो कागद नसतो, कंपनीच्या गृहखात्यातल्या खात्यातून निघालेला एक क्रमांक असतो. त्याची फी कंपनीनं भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. त्यामुळे सीओएससाठी पैसे मागणारा माणूस एक तर खोटा क्रमांक विकतोय, नाही तर अस्तित्वात नसलेल्या कामाचा खरा क्रमांक. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण व्हिसा मिळतोही, मग वर्षभरानं परदेशी माणसं ठेवायचं कंपनीचं लायसन्स रद्द होतं आणि तिच्या हातात दुसरी कंपनी शोधायला साधारण साठ दिवस उरतात. अर्जात फसवणूक झाल्याचं ठरलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. ‘पगार खात्यात येईल, थोडा रोखीनं परत द्यायचा’ असं कुणी म्हणालं की तिथेच विषय संपवा. केअर होमच्या नोकऱ्यांचंही तेच: परदेशातून माणसं घेणं २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. आधीपासून तिथे असलेल्यांना २०२८ पर्यंत एक अरुंद वाट ठेवली आहे, पण इंजिनिअर मुलीनं त्या वाटेला जायचं कारण नाही.

आता खरा प्रश्न. ग्रॅज्युएट व्हिसा वाढवून मिळत नाही, आयुष्यात एकदाच मिळतो, आणि त्यावर घालवलेली वर्षं कायमच्या वास्तव्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांत धरत नाहीत. (ती पाच वर्षंच बहुतेकांसाठी दहा करायचं ब्रिटिश सरकारनं मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केलं आहे, तेव्हा तिथली जुनी मंडळी सांगतात ते गणित आज तसंच लावू नका.) ग्रॅज्युएट व्हिसाच्या मुदतीत तिनं स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे वर सांगितलेला सीओएसवरचा नोकरीचा व्हिसा, मिळवून देणारी कंपनी गाठली तर पुढे राहता येईल, नाही तर सामान बांधावं लागेल. म्हणून ‘पुढचं पुढे बघू’ हा सल्ला वाईट आहे. कंपनीचा शोध ग्रॅज्युएट व्हिसा मिळाल्यावर सुरू करायचा नसतो, तो आज जुलैत सुरू करायचा असतो.

स्किल्ड वर्करचं सगळं गणित दोन आकड्यांवर चालतं: कामाचा कोड आणि पगार. प्रत्येक कामाला चार अंकी कोड आहे. बहिणीच्या कामाचे म्हणजे २१२२ मेकॅनिकल इंजिनिअर, २१२५ प्रॉडक्शन आणि प्रोसेस इंजिनिअर. जुलै २०२५ पासून साधारणपणे पदवीच्या दर्जाचीच कामं या व्हिसाला चालतात. तुम्ही स्वतः लेथवाले आहात, म्हणून फरक तुम्हाला पटकन कळेल: सीएनसी सेटर, मशिनिस्ट, इन्स्पेक्टर, ऑपरेटर ही कामं कितीही कसबाची असली आणि पगार कितीही चांगला असला तरी पदवीच्या दर्जाची धरत नाहीत. फिक्स्चर डिझाइन करणं, प्रोसेस ठरवणं, सायकल टाइम कमी करणं, नव्या पार्टचं उत्पादन उभं करणं ही इंजिनिअरची कामं. ब्रिटनमधल्या लहान कारखान्यांत आपल्या उद्यमबागेसारखंच असतं, एकच माणूस सकाळी प्रोग्रॅम लिहितो, दुपारी मशिनवर उभा राहतो. तिथे कंपनीनं पदाचं नाव ‘इंजिनिअर’ ठेवलं आणि कामाचं वर्णन मशिनिस्टचं लिहिलं तर व्हिसा अडतो. कोड पदाच्या नावावरून ठरत नाही, कामाच्या वर्णनावरून ठरतो. त्यामुळे नोकरीचं पत्र घेताना बहिणीनं पदाच्या नावापेक्षा कामाची यादी नीट वाचावी. ‘टेक्निशियन’ म्हणून घेतात त्यातली काही पदं एका तात्पुरत्या टंचाई यादीत आहेत, पण यादी नावाप्रमाणेच तात्पुरती आहे आणि त्यावर आलेल्या नव्या माणसाला नवरा-मुलं आणता येत नाहीत. तिच्यावर पुढचा विचार उभा करू नये.

पगार: सर्वसाधारण माणसाला वर्षाला किमान ४१,७०० पौंड, किंवा त्या कोडचा ठरवलेला दर, यात जो जास्त तो. विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्याला ‘नवोदित’ म्हणून सवलत: किमान ३३,४०० पौंड किंवा त्या कोडच्या दराच्या ७० टक्के, पुन्हा जो जास्त तो. हा ‘जो जास्त तो’ लोक विसरतात. इंजिनिअरिंगच्या कोडांचे दर कोणते आहेत ते नियमांच्या परिशिष्टात कोडनिहाय दिलेले असतात, तिनं आपल्या कोडसमोरचा नवोदिताचा आकडा लिहून ठेवावा आणि मुलाखतीला तो माहीत असल्याप्रमाणेच जावं. दर ३७.५ तासांच्या आठवड्याचा असतो. कारखान्यात ४० तासांचा करार सामान्य आहे, मग दरही त्या प्रमाणात वाढतो. ओव्हरटाइम, बोनस, शिफ्ट भत्ता धरत नाहीत, फक्त करारातला हमीचा मूळ पगार. ३१,००० मूळ आणि ओव्हरटाइम धरून ३६,००० मिळतात, अशी नोकरी व्हिसाला चालत नाही.

नवोदिताची सवलत एकूण चार वर्षंच, आणि त्या चारांत ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळही मोजतात. दोन वर्षं ग्रॅज्युएटवर काढली तर कंपनी कमी पगारावर फक्त दोन वर्षांसाठी घेऊ शकते. त्यानंतर ४१,७०० किंवा पूर्ण दर. चौथ्या वर्षाअखेर पगार तिथवर जाईल का, हे नोकरी स्वीकारतानाच विचारायला हवं. लहान कारखान्याचा मालक याला सरळ ‘नाही’ म्हणेल, आणि ते आधी कळलेलं बरं.

ग्रॅज्युएट व्हिसा न घेता थेट स्किल्ड वर्कर घेता येतो, आणि एजंट हे सहसा सांगत नाहीत. नोकरी सुरू होण्याची तारीख कोर्स संपल्यानंतरची असली की पुरे, अर्ज तीन महिने आधी करता येतो. यात कंपनीचा मोठा फायदा आहे. परदेशी माणूस ठेवल्याबद्दल कंपनीला दरवर्षी कौशल्य आकार भरावा लागतो: मोठ्या कंपनीला १,३२० पौंड, लहानीला ४८०. विद्यार्थी व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करला गेलेल्या माणसासाठी तो माफ आहे. ग्रॅज्युएट व्हिसावरून गेलेल्यासाठी माफ नाही. तीन वर्षांच्या सीओएसवर मोठ्या कंपनीचे ३,९६० पौंड वाचतात. मनुष्यबळ विभागातल्या माणसालाही हे बहुधा ठाऊक नसतं. बहिणीनं ते मुलाखतीत नम्रपणे सांगावं, ‘मी विद्यार्थी व्हिसावर असतानाच घेतलंत तर हा आकार लागत नाही’ एवढ्या एका वाक्यात.

मग थेटच का जाऊ नये? कारण वाट परत फिरत नाही. ग्रॅज्युएट व्हिसा फक्त विद्यार्थी व्हिसावरूनच मिळतो. एकदा स्किल्ड वर्करला गेलं की तो हक्क संपला. सहा महिन्यांत कंपनीनं काढलं तर साठ दिवस, आणि पाठीशी काही नाही. म्हणून आम्ही असं सुचवू: कंपनी मोठी आणि जुनी लायसन्सधारक असेल, आधीपासून परदेशी इंजिनिअर ठेवत असेल, पगार किमान आकड्याच्या बराच वर असेल, आणि सीओएसचा क्रमांक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खरोखर हातात आला असेल, तर थेट जावं. कंपनी लहान असेल, लायसन्स नुकतंच घेतलेलं असेल किंवा ‘देतो, देतो’ चालू असेल, तर डिसेंबर संपायच्या आत ग्रॅज्युएट व्हिसा घ्यावा आणि त्याच कंपनीत काम करत तिची परीक्षा पाहावी. तोंडी आश्वासनावर ३१ डिसेंबर जाऊ देऊ नये.

लायसन्सधारक कंपन्यांची संपूर्ण यादी गृहखातं जाहीर करतं, ती फुकट उतरवून घेता येते: नाव, गाव, दर्जा, कोणत्या व्हिसासाठी लायसन्स. तिच्यातून स्किल्ड वर्करच्या आणि मिडलँड्समधल्या गावांच्या ओळी गाळून घ्याव्यात: बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, वुल्व्हरहॅम्प्टन, डर्बी, लेस्टर. यादीत रेस्टॉरंटं आणि सॉफ्टवेअर कंपन्याही असतात, त्यातून कास्टिंग, मशिनिंग, ऑटो पार्ट, पॅकेजिंग मशिनरी बनवणारे कारखाने हातानं वेचावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण नोकरीच्या संकेतस्थळांवर रोज शंभर अर्ज टाकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. यादीत नाव आहे म्हणजे कंपनी व्हिसा देईलच असं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. डर्बीकडे विमानाच्या इंजिनांचं काम मोठं आहे, पण संरक्षण आणि विमान क्षेत्रातल्या बऱ्याच पदांना सुरक्षा परवानगी किंवा नागरिकत्वाची अट असते. जाहिरातीत ती शेवटच्या परिच्छेदात लिहिलेली असते, अर्ज भरायच्या आधी तोच परिच्छेद वाचावा. मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरती योजना सप्टेंबर ते नोव्हेंबरात उघडतात आणि रुजू व्हायचं असतं पुढच्या सप्टेंबरात. म्हणजे २०२७ च्या सप्टेंबरसाठी अर्ज तिला प्रबंध लिहिता लिहिताच करावे लागतील. ग्रॅज्युएट व्हिसा घेतला तर मधलं वर्ष त्यावर निघतं.

अर्जात ‘तुम्हाला आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’ असा रकाना असतो. ‘नाही’ लिहून पुढे सरकायचा मोह होतो. तसं करू नये, सहा महिन्यांनी उघड होतं आणि विश्वास जातो. ‘अमुक तारखेपर्यंत मला कोणत्याही परवानगीशिवाय काम करता येतं, त्यानंतर नवोदित दरानं स्पॉन्सरशिप लागेल’ असं पूर्ण वाक्य लिहावं. बेळगावातल्या शेडमध्ये तिनं काही हाताळलं असेल, तर ते ‘भावाच्या कारखान्यात मदत’ असं न लिहिता कोणतं मशिन, कोणता पार्ट, किती टॉलरन्स, असं लिहावं. तिथल्या कारखानदाराला तीच भाषा कळते.

पैशाचंही बोलू. ३३,४०० पौंडांवर कर आणि राष्ट्रीय विमा जाऊन महिन्याला सुमारे २,३०० पौंड हातात येतात, पेन्शनची कपात धरली तर २,२०० च्या आसपास. लंडनबाहेर एका खोलीत राहून, जेवण-प्रवास धरून बाराशे ते चौदाशे जातात. तीस लाख, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं असं धरलं तर हप्ता सुमारे साडेचाळीस हजार रुपये, म्हणजे ३४० पौंड. बसतं. पण वेअरहाऊसच्या किंवा दुकानातल्या पगारावर हप्ता भरत दोन वर्षं काढली, तर पैसे फिटतील आणि इंजिनिअरिंगचा अनुभव शून्य राहील, मग २०२८ च्या शेवटी कोणीही सीओएस देणार नाही. घरून ‘हप्ता सुरू झालाय, मिळेल ते काम धर’ असा फोन जाऊ लागला की मुलं नेमकी हेच करतात. पहिले सहा-आठ महिने हप्त्याचा भार इथून उचलता आला तर उचला.

काहीच जमलं नाही तर? भारतीय तरुणांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स’ नावाची सोडत असते, वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड हवेत, दोन वर्षांचा व्हिसा. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. हा व्हिसाही वाढत नाही आणि नशिबावर आहे, पण ग्रॅज्युएट व्हिसा संपवून परत आलेल्या मुलांना दुसरी संधी देतो. जर्मनी किंवा आयर्लंडचे शिक्षणानंतरचे व्हिसे त्या-त्या देशातल्या पदवीवर मिळतात, ब्रिटनच्या पदवीवर नाही. तिथे जायचं तर वेगळ्या दारानं जावं लागतं, तो विषय आज नको.

सल्ल्याबाबत एक. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी नोंदणी किंवा वकिली लागते. तिच्या विद्यापीठाचं कार्यालय हा सल्ला फुकट देतं, आणि ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज फोनवरच्या ॲपनं पासपोर्ट स्कॅन करून तासाभरात भरता येतो. बेळगावातल्या एजंटला त्यासाठी पंधरा-वीस हजार देण्यासारखं त्यात काही नाही.

आणि दोन कामं तुमच्याकडची. इकडच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर एक नाव, बी.ई.च्या प्रमाणपत्रावर आद्याक्षरांसकट दुसरं आणि पासपोर्टवर तिसरी मांडणी, असं आपल्याकडे अनेकांचं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असणारेही बरेच आहेत. व्हिसाला हे सहसा अडत नाही, पण नोकरी देणारी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा अडतं आणि रुजू व्हायची तारीख पुढे जाते. तिच्या तिन्ही कागदांवरची नावं ताडून बघा. फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून स्कॅन पाठवून ठेवा, कन्नडमधला जन्मदाखला असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही. दुसरं, बँकेत जाऊन हप्ता नेमका कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते लेखी घ्या. बहुतेक शैक्षणिक कर्जांत कोर्स संपल्यावर वर्षभराची सवलत असते, पण काही बँका कोर्सची अंतिम तारीख प्रवेशपत्रावरून धरतात, काही निकालावरून, आणि त्यात दोन-तीन महिन्यांचा फरक पडतो.